आपल्याविषयी बोलणे चालले असता

न्यूझीलंडमध्ये मी ज्या भागात राहतो त्याचे नाव ते रापा. मराठीत हे नाव लिहिले की पंचाईत होते. बेरशेबाच्या माझ्या चुलतभावाने माझ्या पहिल्याच पत्राच्या उत्तरात विचारले होते, "ते रापा म्हणजे नेमके कोणते रापा? आणखीही रापा आहेत काय?" माओरी भाषेत ‘ते’ हा नामाच्या आधी लावायचा एक लहानसा शब्द आहे, इंग्रजीतल्या ‘द’सारखा, असे त्याला कळवले, तेव्हा त्याचे समाधान झाले.

हॅमिल्टन शहराच्या उत्तरेला, वायकातो नदीच्या पश्चिमेस हा भाग पसरला आहे. मोटारी विकणाऱ्यांच्या पेढ्या, घोड्यांच्या शर्यतीचे मैदान, दुधाच्या भुकटीचा अवाढव्य कारखाना आणि ‘द बेस’ नावाचा मोठा बाजार, एवढाच आमचा थाट. मुद्दाम येऊन पाहावे असे येथे काही नाही. परंतु ज्या जमिनीवर हे सारे उभे आहे तिच्याविषयी आणि तिच्या मूळ मालकांविषयी वेलिंग्टनच्या पार्लमेंटात दीडशेहून अधिक वर्षे बोलणे चालू आहे. निवृत्तीनंतर ते बोलणे ऐकण्याचा मला नाद लागला. कामकाज दूरचित्रवाणीवर दिसते, आणि रेडिओवर तर ते १९३६ सालापासून ऐकवले जाते. पार्लमेंटातले वादविवाद नेमाने रेडिओवरून देणारा हा जगातला पहिला देश. घरची मंडळी म्हणतात, सासूबाईंना मालिका, तुम्हाला पार्लमेंट.

आज लिहायचे आहे ते विशेषकरून एका सभासदाविषयी. हाना-राफिती माइपी-क्लार्क ही २१ वर्षांची मुलगी ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीत हौराकी-वायकातो या मतदारसंघातून निवडून आली. तिने हरवले ते नानाइया माहुता यांना, ज्या १९९६ पासून पार्लमेंटात होत्या आणि परराष्ट्रमंत्रीही झाल्या होत्या. सुमारे १७० वर्षांत इतक्या लहान वयाचे कोणी तेथे बसले नव्हते. ही मुलगी आमच्या उत्तरेच्या हंटली गावची. सभासद होण्यापूर्वी तिने माओरी चांद्रपंचांगावर एक पुस्तक लिहिले होते, त्याचे नाव ‘माहिना’. माओरीत माहिना म्हणजे चंद्र. आपल्या ‘महिन्या’शी त्याचे काही नाते आहे की निव्वळ योगायोग, ते भाषापंडितांनी पाहावे. चंद्र पाहून सण धरणाऱ्या आपल्यासारख्यांना मात्र तो शब्द परका वाटत नाही. आमच्या आजीला खिरीचा सण कधी आणि बिरड्याचा रोजा कधी हे कॅलेंडर न उघडता सांगता येई.

आता ही माझी प्रतिनिधी आहे काय? येथेच गंमत आहे. या देशात एकाच जमिनीवर मतदारसंघांचे दोन नकाशे पसरलेले आहेत. एक सर्वसाधारण, आणि दुसरा माओरी मतदारांच्या यादीत नाव असलेल्यांचा. माओरींसाठी राखीव जागा १८६७ च्या कायद्याने झाल्या. तेव्हा त्या ४ होत्या, २०२३ च्या निवडणुकीत ७. माझे नाव सर्वसाधारण यादीत, म्हणून माझे मत हॅमिल्टन वेस्टला जाते. शेजारच्या घरचे मत मात्र हौराकी-वायकातोला. (नागरिक नसलेल्या कायम रहिवाशालाही येथे मत देता येते. १९७५ पासून तशी सोय आहे. आपल्या मंडळींपैकी जे इकडे येतील त्यांनी हे ध्यानात ठेवावे. बरेच जण उगाच वर्षानुवर्षे घरी बसतात.) म्हणजे हाना-राफिती ही माझ्या रस्त्याची सभासद, पण माझी नव्हे. तरीही तिचे पहिले भाषण मी पुन्हा पुन्हा ऐकले.

ते भाषण डिसेंबर २०२३ मधले. नव्या सभासदाचे पहिले भाषण येथे मध्ये न बोलता ऐकून घेण्याची रीत आहे. आप्तेष्ट गॅलरीत बसतात आणि भाषण संपल्यावर गाणे म्हणतात. हानाने निम्मे माओरीत, निम्मे इंग्रजीत भाषण केले, मध्ये हाकाही म्हटला. हाका जगभर गाजला, लाखो लोकांनी तो आपापल्या फोनवर पाहिला. माझे लक्ष मात्र एका साध्या वाक्यावर अडकले. तिने सांगितले की, पार्लमेंटात यायच्या आधी मला सल्ला मिळाला होता, इथे बोललेले काही मनाला लावून घेऊ नकोस. पण ह्या सभागृहात जे जे बोलले जाते ते मनाला लावून घेतल्यावाचून मला राहवत नाही.

हे ऐकले आणि मी खुर्चीत सरळ बसलो. कारण असाच सल्ला आमच्या घरात पूर्वी एकदा पत्रातून आला होता.

वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना १९६४ साल सांगायला नको. तरुणांसाठी थोडक्यात लिहितो. आपल्या लोकांचे इतर यहुद्यांशी विवाह लावावेत की नाही, याबद्दल इस्रायलच्या धर्मपीठाने १९६२ साली हुकूम काढला की, बेने इस्रायल वधू-वरांच्या घराण्याची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी व्हावी. कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणत, पण आपण कोण हे कोणी तपासायला आले नाही. ज्या देशाची आस धरून माणसे घरदार विकून गेली, तेथे मात्र आजीच्या आईचे मूळ विचारले गेले. आपली मंडळी चिडली, सभा झाल्या, आणि १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला धरणे धरले गेले. बायका-मुलांसकट माणसे उघड्यावर बसली. माझे चुलते त्यांत होते.

पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने शेवटी १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटपुढे हा विषय आणला. हिंदुस्थानातून आलेले बेने इस्रायल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत, त्यांच्यात व इतरांत कोणताही भेद नाही, विवाहाच्या बाबतीतही नाही, अशी ती भूमिका होती. क्नेसेटची आजची इमारत १९६६ ची. तेव्हा ते किंग जॉर्ज रस्त्यावरच्या एका घरात भरे. त्या घरात त्या दिवशी आपल्याविषयी उलटसुलट बोलणे झाले. काही सभासद आपल्या बाजूने बोलले, काहींनी धर्मपीठाची बाजू घेतली. त्या सभागृहात आपला एकही माणूस नव्हता. आत बोलणारे सगळे दुसरे. ज्यांच्याविषयी बोलणे चालले होते ते बाहेर.

चुलत्यांना हिब्रू बेताचेच येई. आत काय चालले आहे ते एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला मराठीत सांगत सांगत त्यांच्यापर्यंत पोचले. त्यांनी माझ्या वडिलांना लिहिले, "आमच्या बाजूने लागले. पण आम्ही यहुदी आहोत की नाही हे हात वर करून मोजले गेले, ही गोष्ट मनाला लावून घेऊ नये असे येथले शहाणे लोक सांगतात." तेवढेच लिहून खाली घरच्यांची विचारपूस होती. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. पत्र वडिलांनी मोठ्याने वाचले आणि या वाक्यानंतर ते थांबले, हे मला पक्के आठवते. थोड्याच दिवसांत धर्मपीठाने हुकुमाचे शब्द बदलले, बेने इस्रायल हे नाव त्यातून गेले. आमच्या चुलत्यांनी पुढे त्याविषयी एक अक्षर लिहिले नाही.

तेव्हा, मनाला लावून घेऊ नका, हा सल्ला देणारा आणि घेणारा यांत फरक असतो. जो सल्ला देतो त्याच्या आजीचा विषय निघालेला नसतो.

ते रापाच्या जमिनीचा विषय मला पुस्तकातून नव्हे, दुधाच्या कारखान्यात कळला. तेथे मी एकोणीस वर्षे गोदामाकडे होतो. माझ्या पाळीत फोर्कलिफ्ट चालवणारा एक माओरी गृहस्थ होता. चहाच्या सुट्टीत, जिला येथे स्मोको म्हणतात, तो एकदा मला म्हणाला, "तू ज्या बेसमध्ये भाजी आणायला जातोस ना, तिथे पूर्वी हवाई दलाचे गोदाम होते. आणि त्याच्या पूर्वी आम्ही होतो."

त्याचे म्हणणे असे. १८६३ साली इंग्रज सरकारचे सैन्य वायकातोत शिरले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पार्लमेंटाने एक कायदा केला, ज्याच्या जोरावर सरकारविरुद्ध उठलेल्या टोळ्यांची जमीन जप्त करून गोऱ्या वसाहतवाल्यांना देता येई. एकट्या वायकातोत सुमारे १२ लाख एकर गेले. ज्या सभागृहात हा कायदा झाला तेथे तेव्हा एकही माओरी सभासद नव्हता. त्यांच्या ४ जागा पुढे चार वर्षांनी आल्या, जमीन गेल्यावर.

त्या वेळी कायद्याच्या विरुद्ध बोलणारे सभागृहात अगदी मोजके होते. त्यांपैकी एक जेम्स एडवर्ड फिट्झजेरल्ड. मूळचा इंग्लंडचा, वर्तमानपत्र चालवणारा गृहस्थ. १८४० च्या वैतांगी करारात राणीने माओरींना त्यांच्या जमिनीची हमी दिली आहे, हा कायदा त्या कराराच्या उलट आहे, असे त्याने तेथे उभे राहून सांगितले. एक वर्ष आधी, १८६२ मध्ये, माओरींना राज्यकारभारात बरोबरीचा वाटा द्यावा म्हणूनही तो बोलला होता. दोन्ही वेळा त्याचे ऐकले गेले नाही. कायदा झाला, जमिनीचे तुकडे पडले.

पुढचे मोठे पान १९९५ चे. त्या वर्षी मे महिन्यात न्गारुआवाहिया येथे वायकातो-ताइनुई लोकांशी तडजोडीचा करार झाला, पंतप्रधान जिम बोल्जर आणि माओरी राणी ते आताइरांगिकाहू यांच्या सहीने. त्याचा कायदा झाला तेव्हा ३ नोव्हेंबरला राणी एलिझाबेथ यांनी वेलिंग्टनला स्वतः येऊन त्यावर सही केली. राणीने आपल्या हाताने सही करावी असा तो प्रसंग होता, कारण त्या कायद्यात राजसत्तेने मागितलेली माफी आहे, माओरीत आणि इंग्रजीत. ही जप्ती अन्याय्य होती असे त्यात छापले आहे. १७ कोटी डॉलर किमतीची जमीन व रक्कम परत आली. गेले त्याच्या मानाने फारच थोडे, हे त्या लोकांनीही सांगितले. हवाई दलाने १९९२ मध्ये सोडलेली ते रापाची जागा त्यातलीच. तिच्यावर पुढे ताइनुईंनी बाजार उभा केला, तोच हा ‘द बेस’. फिट्झजेरल्ड १८६३ मध्ये जे बोलून हरला, जवळपास तेच १९९५ मध्ये कायदा म्हणून छापले गेले. मध्ये १३२ वर्षे गेली.

मी बाजारातून कांदे-बटाटे घेऊन येताना हे रोज आठवतो असे नाही. माणसाला भावही पाहावे लागतात.

आता नोव्हेंबर २०२४. अ‍ॅक्ट पक्षाचे डेव्हिड सेमूर यांनी वैतांगी कराराची तत्त्वे कायद्याने नव्याने ठरवणारे विधेयक आणले. त्यांचे म्हणणे, सर्वांना समान हक्क असावेत, आणि कराराचा अर्थ न्यायाधीशांऐवजी लोकांनी ठरवावा. विरोधकांचे म्हणणे, करार दोन पक्षांचा, त्यातल्या एकानेच बहुमताच्या बळावर त्याचा अर्थ कसा बदलायचा? दोन्ही बाजूंची भाषणे मी ऐकली. समान हक्क हा शब्द कानाला गोड लागतो, आणि अल्पसंख्य म्हणून राहिलेल्या आपल्यासारख्यांना तर फारच. पण ज्या बैठकीत एका पक्षाची संमतीच नाही तेथे समानता कोण मोजणार, हे सेमूरसाहेबांच्या भाषणातून मला काही कळले नाही.

१४ नोव्हेंबरला पहिल्या वाचनाचे मत घेताना हानाच्या पक्षाचा पुकारा झाला. ती उठली, विधेयकाची प्रत मधोमध फाडली आणि ‘का माते’ हाका सुरू केला. विरोधी बाके उठली, गॅलरी उठली. सभापती जेरी ब्राउनली यांनी काम थांबवून गॅलरी रिकामी करवली. तिला २४ तासांसाठी बाहेर काढले. पुढे जून २०२५ मध्ये सभागृहाने तिला ७ दिवस आणि तिच्या पक्षाच्या दोन्ही पुढाऱ्यांना २१ दिवस निलंबित केले. इतकी मोठी शिक्षा त्या सभागृहाने पूर्वी कोणाला दिली नव्हती.

माझे मत लिहितो. कागद फाडलेला मला आवडला नाही. आपल्याकडे कागदाला पाय लागला तर नमस्कार करायला शिकवतात, जीर्ण झालेला सेफेरसुद्धा आपण पुरतो, फाडत नाही. मुलाशी माझा यावरून वाद झाला. तो म्हणाला, "बाबा, भाषण केलं असतं तर कोणी पाहिलं असतं?" हे खरे आहे. फाडलेला कागद कोट्यवधी लोकांनी पाहिला. तरीही २०२३ चे भाषण मला अधिक भारी वाटते, कारण तिथे ती काही फाडत नव्हती, सांगत होती. आणि २१ दिवसांची शिक्षा? ती मला कागदाच्या मानाने फार वाटली. सभागृहाची शिस्त हवीच, परंतु ज्या घरात आपल्या आजोबांची जमीन गेली त्या घरात माणसाचा आवाज थोडा चढणार.

आमच्या हॅमिल्टन वेस्टचे सभासद तामा पोटाका हेही माओरी. मंत्री होण्यापूर्वी त्यांनी ताइनुईंच्या व्यापारी संस्थेत काम केले होते. त्यांच्या नॅशनल पक्षाने पहिल्या वाचनात विधेयकाच्या बाजूने मत दिले, कारण सरकार बनवताना तसा करार झाला होता. पुढे पाठिंबा देणार नाही असेही त्याच पक्षाने जाहीर केले होते. पक्षशिस्त म्हणजे काय ते यावरून कळते. याच हॅमिल्टन वेस्टचे पूर्वीचे सभासद माइक मिनोग यांची येथले म्हातारे अजून आठवण काढतात. तेही नॅशनल पक्षाचे. सरकारी कागद लोकांना पाहता यावेत म्हणून त्यांनी आपल्याच पंतप्रधानांशी, मल्डून यांच्याशी, वर्षानुवर्षे वाद घातला. माहितीचा कायदा येथे १९८२ मध्ये झाला. महाराष्ट्रात तसा कायदा २००२ मध्ये आणि साऱ्या भारतासाठी २००५ मध्ये झाला. जून १९८४ मध्ये अणुमुक्त न्यूझीलंडच्या विधेयकावर मिनोग आणि मॅरिलिन वेअरिंग यांनी पक्ष सोडून विरोधकांबरोबर मत दिले. विधेयक ४० विरुद्ध ३९ असे पडले. महिन्याभरात निवडणूक झाली आणि मिनोग हरले. १९८७ मध्ये तोच कायदा झाला.

विधेयकावर लोकांनी आपले म्हणणे न्याय समितीकडे लिहून पाठवावे असे पार्लमेंटाने कळवले. ३ लाखांहून अधिक लोकांनी पाठवले, त्यांतली फार मोठी संख्या विरोधात. जानेवारीत मीही बसलो लिहायला. घरात नापसंती होती. पत्नीचे म्हणणे, परक्याच्या घरचे भांडण, आपण बरे की आपले काम बरे. आपण कोकणात दोन हजार वर्षे राहिलो ते कोणाच्या भांडणात न पडता, म्हणूनच टिकलो, हेही तिने सुनावले. यात तथ्य आहे, आणि मी ते खोडून काढू शकलो नाही. मी इतकेच म्हणालो की, १९६४ साली क्नेसेटमध्ये जे आपल्या बाजूने उभे राहिले त्यांच्या बायकांनीही घरी बहुधा हेच सांगितले असेल. तिने चहा आणून ठेवला, म्हणजे परवानगी मिळाली.

एक पान झाले. इंग्रजी मुलाने तपासले. समितीने विधेयक पुढे नेऊ नये असा अहवाल दिला, आणि १० एप्रिल २०२५ रोजी दुसऱ्या वाचनाचे मत झाले. हाना त्या दिवशी बोलली, कागद न फाडता. विधेयक ११२ विरुद्ध ११ मतांनी पडले. मत मोजले गेल्यावर गॅलरीतून गाणे सुरू झाले. गोदामातला माझा फोर्कलिफ्टवाला मित्र आता माझ्यासारखाच निवृत्त आहे. संध्याकाळी त्याचा फोन आला. जिंकल्याविषयी तो काही बोलला नाही. बेसमध्ये भोपळे स्वस्त झालेत एवढे त्याने सांगितले.

बेरशेबाला चुलतभावाला मी माझे पान फोनवर वाचून दाखवले. चुलत्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. तो म्हणाला, "इंग्रजी नको, मराठीत सांग." मी सांगत गेलो तसे मराठीत केले. तो शेवटपर्यंत काही बोलला नाही. मग विचारले,

"चौसष्ट सालचं घातलंस का?"

"घातलं."

"किती?"

"दोन ओळी."

"पुरे," तो म्हणाला, आणि शब्बाथची वेळ होत आली म्हणून त्याने फोन ठेवला.